गंज दाखवा, नवी सुरी घेऊन जा!

सहाणेखाली लोखंडाचा भुगा साचते ना, तसे आमच्या दुकानात किस्से साचत. कितीबी झाडा, दुसऱ्या दिवशी पुन्हा ढीग! महाराष्ट्र नवानवा झाला तेव्हा खामगावात नथ्थू मिस्त्रीच्या सुऱ्यांच्या दुकानात मी पॉलिशवर होतो. आता लोक स्टेनलेस आणतात आन् धार नाही म्हणून रडतात. आमचं साधं पोलाद. पण घासून आरसा करायचो, वरून जवसाचं तेल चोळायचो. मिस्त्रीची ग्यारंटी होती, "गंजली तं नवी घेऊन जा!" मी होतो तोवर एकबी द्यावी लागली नाही.

*

पॉलिश झालेल्या पात्याले उघडं बोट लावायचं नाही, फडक्यानं धरायचं. घामानं डाग पडते. एका गुरुजीनं ऐकलं नाही. तेल लावायच्या आधीच अंगठा दाबला!

मिस्त्री म्हणे, "गुरुजी, चार दिवसांनी वाचायले या!"

गुरुजी हट्टानं आले. पात्यावर तांबडा अंगठा, रेघन् रेघ! शिकलेल्या माणसाचा अंगठा मी तेवढा एकच पाह्यला.

*

दुकानात तेलाचं काम शंकर नावाच्या गड्याकडं. एकदा जवसाचं तेल संपलं, तं त्यानं घरून भज्याचं उरलेलं तेल आणून दोन डझन पात्यांले चोळलं. त्यात मीठ! सगळ्या सुऱ्या लाल.

"काऊन बे, चटणी विसरला का?" मिस्त्री गरजला. दिवसभर घासत बसलो. तशी एकबी विकली नाही.

*

एक व्यापारी सांगे, "वार्निश मारा, तेलाची कटकट नाही." मिस्त्रीनं वार्निश मारलेल्या सुरीनं कांदा कापून त्याच्यापुढं ठेवला. "खा!"

*

सोनाळ्याच्या एका पाटलानं सुरी पावसाळाभर चामड्याच्या म्यानात ठेवली. गंजली, तं आला मिस्त्रीशी भांडायले.

"पाटील, पातं माझं, चामडं तुमचं. ओलं चामडं घालून तुम्ही चार महिने बसून दाखवा!"

पाटलानं गुमान दुसरी विकत नेली.

*

पण सगळ्यात भारी वडनेर भोलजीची सुभद्राबाई. भर बाजारात दुकानासमोर उभी राहून ओरडली, "मिस्त्री, तुमची सुरी गंजली!"

माणसं जमली. मिस्त्रीचा चेहरा उतरला. एवढ्या वर्षांचं नाव चव्हाट्यावर! सुरी हातात घेतली, उलटीपालटी केली. पातं लख्ख. एक ठिपका नाही.

"बाई, गंज कुठं हाये?"

बाई जवळ सरकली. "हळू बोला ना भाऊ! मागं माह्या तिघी शेजारणी उभ्या हायेत. रोज मागून नेतात, मलेच माही सुरी भेटत नाही. गंजली म्हणा!"

मिस्त्रीच्या तोंडून असं निघणं? जीव गेला तरी नाही! मी पाहूनच राह्यलो. त्यानं डोळे मिटले आन् ओरडला, "हाव! गंजली!"

मग त्या तिघी शेजारणी पुढं आल्या.

"मिस्त्री, आमाले बी अशीच गंजलेली द्या, एकेक!"