गंगव्वाची किळस

तानुबाईनं तव्यावरची काळी पूड डबीत भरली, बोट बुडवून हिरड्यांवर फिरवलं आणि डबी लेकीपुढं सरकवली.

"लाव."

डबी बघूनच गंगव्वाला मळमळायचं. जळक्या तंबाखूचा वास, आईच्या ओठांतून गळणारी काळी लाळ, मोरीच्या काठावर वाळून बसलेल्या थुंक्या. निपाणीतल्या निम्म्या बायका मशेरी लावायच्या, पण तल्लफ म्हणून. या दोघी लावायच्या त्या माणसात राहायला. शाळेच्या पुस्तकात पंखांच्या, खवल्यांच्या, धूर सोडणाऱ्या जनावराचं चित्र होतं, खाली 'ड्रॅगन' लिहिलेलं. यांच्या घरात त्याला 'थोरलं रूप' म्हणत. मशेरीनं ते अंगात दबून राहतं, एवढं तानुबाईला ठाऊक. ते तिनं लेकीला बाराव्या वर्षीच शिकवलं.

आता गंगव्वा अठराची होती. साल एकोणऐंशी. सोमवारी बेळगावात नर्सिंगच्या ट्रेनिंगची मुलाखत, आणि शेजारच्या जयाबाईनं बजावलेलं, "तोंड उघडून बघत्यात बाई. हिरड्या काळ्या दिसल्या की परत लावून देत्यात."

"मी न्हाय लावणार," गंगव्वानं डबी ढकलली.

"मग बस वखारीत माझ्यासंगं तंबाखू निवडत."

"शी! ते तर ह्याच्याहून घाण."

"घाण, घाण! महाराणीच की गं तू. अंगावर खवलं दिसली की लोक दगडं घालत्याल, मग कळंल."

तरी तिनं सोडली. काळेपणा जाईपर्यंत राखुंडीनं दात-हिरड्या घासघास घासल्या. दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी न्हाणीत अंगावर पाणी घेताना मान खाजली, पाठ ताणली आणि बघता बघता शेपूट मोरीपर्यंत गेलं.

गंगव्वा बघतच राहिली. चिंचेनं घासलेल्या तांब्याच्या हंड्यासारखं लखलखीत अंग. वास नाही, लाळ नाही, मळ नाही. जन्मात पहिल्यांदा तिला स्वतःचा देह स्वच्छ वाटला.

"आगं माझ्या कर्मा!" तानुबाई डबी घेऊन आत आली. डबी रिकामी निघाली. तिनं मागचापुढचा विचार केला नाही. स्वतःच्या गालातली ओली मशेरी बोटानं खरवडून काढली आणि लाळेची तार लोंबणारं ते बोट लेकीच्या जबड्याकडं नेलं.

गंगव्वाच्या पोटातून ओकारी उसळली. बोट दातांना लागायच्या आधीच ती नागडी, कुडकुडत, माणूस होऊन फरशीवर बसलेली होती.

"आये... लागलीच न्हाय की गं."

"काय?"

"मशेरी. नुसती किळस आली."

तानुबाईनं हातातल्या रिकाम्या डबीकडं बघितलं.

सोमवारी मुलाखतीच्या खोलीत डॉक्टरबाई म्हणाल्या, "तोंड उघड." भीतीनं गंगव्वाच्या मानेवर खवले ताठ व्हायला लागले. तिनं पदर ओढला आणि जिवाच्या आकांतानं खोलीभर नजर फिरवली. दाराशी शिपाई पिकदाणीवर वाकला होता. पिचकारी मारली, निम्मी मिशीला अडकली. त्यानं ती जिभेनं आत ओढून घेतली.

मान मऊ झाली.

"दात छान आहेत," डॉक्टरबाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "पण तोंड का गं वाकडं केलंस?"

ट्रेनिंगला लागून महिन्यानं ती निपाणीला आली तेव्हा तानुबाईनं दार लावून घेतलं. "तितं काय करतीस? पिकदाणी घिऊन हिंडतीस व्हय?"

"वॉर्डात चोवीस खाटा हायत, आये. बेडपॅनं, पू भरलेल्या पट्ट्या, उलट्या. कमी पडत न्हाय."

तानुबाई हसली नाही. खाली बघून म्हणाली, "मला काय ही मशेरी आवडती व्हय? तीस वर्सं झाली, रोज ओकारी येती. तुला कधी सांगितलं न्हाय."

"म्हंजे दुसऱ्या कशानंबी चाललं असतं?" तानुबाईनं कुजलेल्या दातांवरनं जीभ फिरवली. "आता काय पांढरं हुनार हायत हे." आणि सवयीनं बोट डबीत घातलं.

गंगव्वाला भडभडून आलं. आईला पोटाशी धरावंसं वाटलं आणि मानेला जोराची खाज सुटली. ती जागची हलली नाही. हिरडीवर फिरणाऱ्या त्या काळ्या बोटाकडं तिनं डोळे लावले.

खाज थांबली.