जायफळाचं दूध

मी एका जागी न बसणारा माणूस. बायको म्हणते, पायाला भिंगरी लावूनच जन्मलो. मुलीच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नाशिकच्या दवाखान्यात मी इतक्या वेळा पायऱ्या चढलो-उतरलो की रखवालदारही वैतागला. तीन वर्षांची पोर, जन्मापासून हृदयाला छिद्र.

भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी सगळं नीट समजावलं होतं. छाती उघडायची, तर शरीराला वेदना कळता कामा नये, हृदयावर ताणही नको. म्हणून अफूच्या जातीचं औषध. पहाटेपासून पोटात अन्न नको, दूध तर नाहीच. लोणखेड्याहून आमच्यासोबत आलेल्या माझ्या आईला हे सगळं मी माझ्या उतावळ्या पद्धतीनं दोन शब्दांत उरकलं, "तिले अफू देतीन." उपाशी ठेवायचंही सांगितलं, पण अफूच्या पुढचं तिनं ऐकलंच नसावं.

पूर्वी आमच्याकडे मजुरीला जाणाऱ्या बाया तान्ह्याला मोहरीएवढी अफू चाटवून बांधावर झाडाखाली निजवत. शेजारणीची अशीच एक पोर उठलीच नाही, हे आई मला लहानपणापासून सांगत आलेली.

सकाळी न्यायला आले, तर पोर गाढ झोपलेली. तोंडाला जायफळाचा वास.

"काय दिनं तू तिले, माय?"

"दूध पाजं, जायफळ उगाळीसन. तिले आत्तेच झोप लागी जाई, मंग अफू कमी लागी."

माझं डोकंच फिरलं. तारीख कितीतरी महिन्यांनी मिळाली होती. सांगितलं तर ती तारीख हातची जाणार. खरं सांगतो, क्षणभर गप्प बसावंसं वाटलं. तोंड पुसलं की कोणाला कळणार? रुमाल हातात घेतलाही. मग त्याच रुमालानं स्वतःचा घाम पुसत डॉक्टरबाईंना गाठलं.

त्या रागावल्या नाहीत, याचीच मला जास्त लाज वाटली. भुलीत दूध उलटून फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं, एवढंच म्हणाल्या. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. मग त्या आईजवळ येऊन बसल्या.

"आजी, औषध तिच्या वजनाप्रमाणे मोजून देणार. आणि मी तिच्या उशाशीच असेन. श्वास, नाडी, सगळं बघत."

"उठीसन जाशात नही ना?"

"नाही जाणार. नंतरही कोणीतरी जवळ असेलच."

दुसऱ्या दिवशी मी बाहेर येरझाऱ्या घालत राहिलो. आई बाकावरून हलली नाही. ऑपरेशन नीट झालं म्हणून सांगितलं, तरी माझा जीव थाऱ्यावर येईना. त्याच्या पुढच्या सकाळी पोरीनं डोळे उघडले, घशातली नळी काढल्यावर खरखरत्या आवाजात पहिलं काय मागितलं असेल, तर दूध. मी बाहेर येऊन आईला सांगितलं. ती हसली आणि मग पदर तोंडाला लावून रडायलाच लागली.

"ती शेजारीननी नव्हती रे," ती म्हणाली. "मन्ही पोर व्हती. मी कापूस वेची ऱ्हायंतू. तिना जवळ कोनी बठनं नही."

मी तिच्याजवळ बाकावर बसलो. तोवर मी स्वतःलाच तिचं पहिलं मूल समजत होतो.