काकूंचा उन्हाळा मी ऐकलाच नव्हता

हसतमुख, मनमिळाऊ, सदैव मदतीला धावून जाणाऱ्या... असलं काही वाचायला मिळेल म्हणून चहा घेऊन बसला असाल तर सॉरी. विद्याकाकू हसतमुख नव्हत्या. धावून तर अजिबात जात नसत, गुडघे दुखायचे. आणि त्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी दिल्लीत, मुनिरकाच्या खोलीत रूममेटसमोर त्यांचीच नक्कल करत होतो. त्याच भरात फोन उचलला आणि काकूंच्याच आवाजात म्हणालो, "हां, बोला, पटकन." पलीकडे त्यांचे मिस्टर होते. काका म्हणाले, "काकू गेल्या रे." तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. पुस्तक उघडतो, मिटतो, गल्लीला चक्कर मारून येतो.

मी हिंगोलीचा, दिल्लीत यूपीएससीसाठी आलेला. नोव्हेंबरात कुणीतरी सांगितलं, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये एक काकू रविवारी पोहे देतात. पोहे मिळाले, पण आधी हातात खुरपं मिळालं. नोएडाच्या सोसायट्यांमधल्या बायकांना काकू बागकाम शिकवायच्या. म्हणजे बागकाम दुसऱ्यांना कसं शिकवायचं, ते. शिकून प्रत्येकीने आपल्या सोसायटीत वर्ग घ्यायचा. नियम एकच, शिकवताना हात मागे बांधायचे. समोरचीची कुंडी आपण नीट करून दिली की ती काय शिकणार, असं त्यांचं म्हणणं. मी एकदा एकीची मिरची पटकन लावून दिली, तर काकूंनी ती उपटून परत तिच्या हातात दिली आणि मला पोहे दिले नाहीत.

पुढे मलाही शिकवायला उभं करायच्या. मी कधी वही नेली नाही. अख्ख्या काकू पाठ होत्या ना. नाकावरचा चष्मा, मराठी वळणाची हिंदी, मध्येच थांबून आभाळाकडे बघणं. त्या म्हणायच्या, "तू मला बघतोस, मातीकडे बघ."

एप्रिलमध्ये त्या गेल्या, तेव्हा शेवटच्या तुकडीतल्या आठ बायकांचा एकच वर्ग घ्यायचा राहिला होता. मे महिन्यात काका म्हणाले, तू घे. त्या रविवारी बायका येऊन बसल्या, सगळ्या काकूंच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत. मला ते सहन होईना यार. मी चष्मा नाकावर ओढला आणि काकू झालो. "देखो जी, सरसों की खली चार दिन भिगाओ, फिर उसका पानी हर गमले में डालो..." बायका हसल्या, रडल्या, पुन्हा हसल्या. शब्दन् शब्द लिहून घेतला. एक म्हणाली, आंटी आ गईं. मी हवेत.

बायका घरी गेल्यावर पायरीवर बसलेल्या काकांनी हाक मारली. वाटलं, पाठ थोपटतील.

"आवाज हुबेहूब होता," काका म्हणाले. "पण हा थंडीतला धडा. दिल्लीच्या उन्हाळ्यात मोहरीच्या पेंडीचं पाणी घातलं की मुळं जळतात. दरवर्षी कंठशोष करून सांगायची ती."

मी म्हणालो, मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. मी थंडीत आलो होतो, काकूंचा उन्हाळा मी ऐकलाच नव्हता.

"मग माहीत नाही म्हणायचं. आता या आठ जणी आठ सोसायट्यांत हेच शिकवणार, विद्याताईंनी सांगितलं म्हणून. झाडं मेली की नाव कुणाचं? काढ फोन. एकेकीला लाव, माझ्यासमोर. आणि खबरदार तिचा आवाज काढलास तर. चूक तुझी आहे, तुझ्या आवाजात सांग."