सासरे आणि चार फुटांची गॅलरी

जग कुणी बांधलं असं आम्ही जैन लोक मानत नाही, आणि माझ्या सासऱ्यांकडे पाहिलं की ते बरंच झालं असं वाटतं. बांधणारा कुणी असताच, तर आमच्या सासऱ्यांनी त्याला भोगवटा प्रमाणपत्र कधीच मिळू दिलं नसतं. हे प्रमाणपत्र म्हणजे घर मंजूर नकाशाप्रमाणे झालं आहे, आता खुशाल राहा, असा नगर परिषदेचा कागद. सासऱ्यांची सगळी नोकरी एका नगर परिषदेत बांधकामं तपासण्यात गेली. नोकरीतून ते निवृत्त झाले. तपासणीतून होणं त्यांना जमलं नाही. लग्न ठरायच्या वेळी ते कारंज्याहून वाशीमला आमचं घर पाहायला आले. इतर मुलींचे बाप मुलाच्या दुकानाची चौकशी करतात, वागणूक विचारतात. यांनी बैठकीच्या भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला, माझ्याकडे ओझरतं पाहिलं आणि वडिलांना म्हणाले, "पोरगा ठीक हाय. भिंतीले ओल हाय." ओल असूनही मुलगी दिली, हे त्यांनी माझ्यावर केलेले उपकार मी आजवर विसरलेलो नाही, कारण ते विसरू देत नाहीत.

लग्नाच्या मांडवात शिरले की आधी खांब हलवून पाहायचे आणि मग वधूवरांकडे वळायचे. नव्या न्हाणीघरात तांब्याभर पाणी ओतून ते मोरीकडे जातं की दुसरीकडे भटकतं, हे उकिडवे बसून पाहायचे. एकदा यात्रेच्या गर्दीत आमची गाडी पोहरादेवीजवळ अडकली. सगळे घामाघूम होऊन ड्रायव्हरला बोलत होते. हे मात्र शांतपणे उतरले, एका जिलेबीवाल्याच्या मांडवाखाली गेले आणि त्याला तिरपा बांबू लावायला सांगून आले. जिलेबीवाल्याने कढई सोडून मुकाट्याने बांबू लावला. सासऱ्यांच्या बोलण्यात असं काहीतरी होतं, की समोरच्याला आपण कोणत्या तरी नियमात नक्की अडकलो आहोत असं वाटायचं. मी तर त्यांच्यासमोर चप्पलसुद्धा सरळ रेषेत काढायचो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही मागच्या गल्लीत भाड्याने राहायला गेलो आणि जुन्या घराच्या जागी नवीन घर बांधायला काढलं, आणि पाया खोदायच्या दिवशी सासरे एक बॅग, एक छत्री आणि गाळलेल्या पाण्याची बाटली घेऊन मुक्कामाला आले. कुणी बोलावलं नव्हतं. सूर्य उगवला की ते बांधकामावर आणि मावळायच्या आत जेवायला घरी. मधल्या वेळात रेती मुठीत दाबून पाहायची, विटा एकमेकींवर आपटून त्यांचा आवाज ऐकायचा, स्लॅबला पाणी पाजण्याची तराई सुरू झाली की छत्री उघडून तिथेच बसायचं. आमचा मिस्त्री आठ दिवसांत काकुळतीला आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, नगर परिषदेचा साहेब येते अन् जाते. हे साहेब तं मुक्कामीच हायेत. म्या काम करू का यायले उत्तरं देऊ?"

त्यातही कहर म्हणजे त्यांच्या नोटिसा. तोंडी सांगण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. आमच्याच घरी राहून, आमच्याच मुलाच्या वहीतलं पान फाडून ते मला नोटीस लिहायचे. 'विषय : जिन्याची तिसरी पायरी अर्धा इंच उंच असल्याबाबत. संदर्भ : आज सकाळी चहाच्या वेळी झालेली आपली चर्चा.' खाली 'सात दिवसांत खुलासा न आल्यास' वगैरे असायचंच, आणि सगळ्यात शेवटी 'प्रत माहितीसाठी : सौ. मुलगी'. सौ. मुलगी प्रत घेऊन सही करायची आणि माझ्याकडे पाहून पदराआड हसायची. बाप-लेकीची जोडी मोठी खाशी होती. बापाने सगळ्या गावाला कात्रीत धरावं आणि लेकीने एक भुवई उंच करावी, की बापाची शिस्त थेट चुलीत.

माझ्या बायकोची या घराकडे एकच मागणी होती. तिचं लहानपण भाड्याच्या एका मागच्या खोलीत गेलं. तिथल्या एकुलत्या खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसायची, बाकी काही नाही. शाळेतून आल्यावर रस्त्यावर काय चाललंय हे तिला आवाजावरून ओळखावं लागायचं. म्हणून वरच्या मजल्यावर रस्त्याकडे तोंड करून गॅलरी हवी, तीत दोन खुर्च्या आणि मध्ये चहाचं छोटं टेबल मावावं, एवढंच तिचं म्हणणं. नकाशात गॅलरी मंजूर झाली ती दारापुरती, बाहेर अडीच फूट. अडीच फुटांत टेबल कुठलं आणि खुर्च्या कुठल्या! स्लॅब पडायच्या वेळी सासरे नात्यातल्या लग्नाला रिठदला गेले होते. बायकोने मिस्त्रीकडे पाहिलं, मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे पाहिलं, आणि गॅलरी चार फुटांची झाली.

सासरे परत आले. आम्ही जीव मुठीत धरून उभे. त्यांनी बायकोला सोबत घेऊन सगळं घर फिरून पाहिलं, खाली येऊन चहा प्याले आणि माठाखालच्या फरशीबद्दल एक नोटीस दिली. गॅलरीबद्दल अवाक्षर नाही! म्हातारा चुकला, म्हणून मी मनातल्या मनात नाचलो. बायकोने दुसऱ्याच दिवशी बाजारातून दोन वेताच्या खुर्च्या आणल्या.

घर झालं. शेवटच्या तपासणीला नगर परिषदेचा तरुण इंजिनीअर आला. मुलगा सज्जन होता, घाईत होता, आणि सासऱ्यांचा लौकिक ऐकून असल्यामुळे थोडा घाबरलेलाही होता. त्याने समोरची मोकळी जागा मोजली, सांडपाण्याचा खड्डा पाहिला, जिना चढला-उतरला, पोहे खाल्ले. मग कागद मांडीवर घेऊन त्याने पेनाचं टोपण काढलं. बायको दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मला अजून आठवतो. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "साहेब, तुमी गॅलरी मोजली नाई."

इंजिनीअर वर गेला, टेप लावून खाली आला आणि जमिनीकडे पाहत म्हणाला, "दीड फूट जास्त आहे, काका. कापावी लागेल." सासरे म्हणाले, "कापा लागते. अडीच फुटाच्या हिशोबाची सळई हाय, चार फुटाचं वजन तिनं कसं पेलाव?" बायकोने वडिलांकडे पाहिलं आणि एकच वाक्य बोलली, "अप्पा, माह्याच घरात काहून?" ती आत निघून गेली. मला सासऱ्यांचा इतका संताप आला की मी त्यांना खाली बसा असंही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बॅग, छत्री आणि बाटली घेऊन कारंज्याच्या एसटीत बसले. त्यांना पोचवायलाही कुणी गेलं नाही. याची मला आज लाज वाटते.

गॅलरी कापली. कापताना मिस्त्रीने मला वर बोलावलं. मंजूर अडीच फुटांच्या पुढे, वाढवलेल्या भागात, हातभर लांब चीर गेलेली होती, केसासारखी बारीक. तो म्हणाला, "भाऊ, दोन खुर्च्या अन् चार मान्सं बसले असते तं काय झालं असतं, सांगता नाई येत." मी हे बायकोला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पण बापाशी बोलली नाही. वास्तुशांतीला सासरे आले, खालीच बसले, सूर्यास्ताआधी जेवले आणि गेले. मात्र मला त्यांचा रोज फोन यायचा. घराची चौकशी नाही, पाण्याची नाही, फक्त, "बाई काय म्हनते?" लेकीला ते बाई म्हणायचे. बाई काहीच म्हणत नव्हती. असे दोन महिने गेले.

एक दिवस मीच चिडून विचारलं, "अप्पा, रिठदहून आले त्याच दिवशी सांगितलं असतं तर? तेव्हा तुम्हाला दिसलं नाही?" ते म्हणाले, "दिसलं ना, जवाईबुवा. टेप काढाले खिशात हात घातला, तं बाई म्हने, अप्पा, अठी बसून आपुन दोघं चहा पेऊ. म्या हात बाहेरच काढला नाई. साऱ्या नोकरीत कोनाले सोडलं नाई अन् त्या दिवशी सोडलं. मंग रोज रात्री मले ते गॅलरी पडतांनी दिसे. म्हटलं, येनारा साहेब तं पाहील, मले बोला लागनार नाई. त्यानंबी नाई पाह्यलं." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. इतक्या दिवसांचा माझा सगळा राग त्या एका फोनमध्ये गेला. त्यांना इतकं मऊ बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

बायकोला मी शब्दन् शब्द सांगितला. ती भाजी निवडत होती. निवडून झाली, हात धुतले आणि तिने फोन लावला. "अप्पा, उद्याच्या गाडीनं या," एवढंच म्हणाली आणि रडू लपवायला आत गेली.

आता ते दर महिन्याला येतात. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, दुसऱ्याने फारसं दिसत नाही, त्यामुळे जिना चढताना बायको त्यांचा हात धरते. संध्याकाळचं जेवण आटोपलं की दोघं गॅलरीत उभी राहतात. खुर्ची मावत नाही, टेबलाचा प्रश्नच नाही, चहाचे कप कठड्यावर ठेवावे लागतात. रस्त्याने कोण चाललंय, कुणाची गाडी आली, समोरच्या नव्या घराचं काम कुठवर आलं, हे ती त्यांना सांगत असते आणि ते मान हलवत ऐकत असतात. मी दुकान बंद करून येताना खालून पाहतो. ती गॅलरी चार फुटांची राहिली असती तर दोघं समोरासमोर ऐसपैस बसली असती. आता जागाच नाही, म्हणून बाप-लेक खांद्याला खांदा लावून उभी असतात, आणि मी हाक न मारता थोडा वेळ रस्त्यावरच थांबतो.