पहिल्या भागाची वाट

आबा जुन्नरजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रात वायरमन होते. तिथले एक साहेब बदली होऊन पुण्याला निघाले, तेव्हा 'मुलीला होतील' म्हणून आबांना पोतंभर इंग्रजी पुस्तकं देऊन गेले. मी तेव्हा जुन्नरला इंग्रजी घेऊन बी.ए. करत होते. सगळी पुस्तकं एकाच मालिकेची, विसराळू जादूगार आणि भित्र्या राक्षसांची. पाठीवर दोनपासून एकवीसपर्यंत आकडे. पहिलं तेवढं नव्हतं.

त्याच साली आबांना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. आबा खाटेवरून म्हणायचे, "त्या पोत्यातलं कायतरी सांग ना बाई. लई दिस झालं, हसलो न्हाई."

"पहिलं नाही त्यात, आबा. मधूनच कसं सुरू करायचं?"

हे खूळ त्यांनीच माझ्या डोक्यात घातलेलं. श्रावणात देवळात पोथी लागायची, वाचायला आबाच. लहानपणी एकदा मी मधलंच पान उघडलं, तर सणसणीत थप्पड बसली होती. पोथी पहिल्या अध्यायापासून वाचायची, नाहीतर हात लावायचा नाही. तेच आबा आता म्हणत होते, "अगं, ती काय पोथी हाय का? काढ कुठलंबी."

पण माझा मेला हट्ट! अर्धवट ऐकून काय मजा येणार, म्हणून मी त्यांच्यावरच फणकारले आणि साहेबांना पत्र टाकलं, पहिला भाग पाठवा.

पोस्टमनची सायकल वाजली की आबा उशीवरून मान उचलायचे. "आलं का गं?" पुढे पुढे तेवढं विचारायलाही दम पुरेना.

पार्सल आलं ते तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. साहेब मधे परदेशी गेले होते, पत्र त्यांना परत आल्यावर मिळालं; आबांचं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. आत चिठ्ठी होती: 'पहिला भाग रटाळ आहे. आमच्याकडे सगळे आठव्यापासूनच सुरू करतात. तो तुमच्याकडे आहेच. वडिलांनाही सांगा, पोट धरून हसतील.'

आठवा भाग पोत्यात सगळ्यात वर होता. मी रिकाम्या खाटेवर बसून उघडला. तिसऱ्याच पानावर राक्षस गुहेला 'मालक बाहेरगावी गेले आहेत' अशी पाटी लावतो आणि स्वतः खाटेखाली लपतो. मला खुदकन हसू आलं. आबांना हे किती आवडलं असतं! स्वतःचीच इतकी चीड मला कधी आली नव्हती.

माझं हसणं ऐकून आई चुलीपुढून उठून आली. हातातल्या पुस्तकाकडे बघत म्हणाली, "आलं व्हय गं त्यांचं पुस्तक?"

"हे नाही. हे पोत्यातलं."

"म्हंजी घरातच व्हतं," आई म्हणाली आणि परत चुलीपुढे जाऊन बसली.