गरुडाचा पिवळा बाण

छापखान्यातल्या या मुद्रितशोधकांना सगळे गरुड म्हणत. औषधाच्या डबीवरच्या मुंगीएवढ्या अक्षरांतली चूकही आपण हातभर अंतरावरून टिपतो, असं त्यांचं म्हणणं. कोणी पडताळून पाहिलं नव्हतं; मोठ्या माणसाच्या थापा पडताळायच्या नसतात.

एके दिवशी मालकांनी फर्मान काढलं. यापुढे मुद्रितं कागदावर नाही, कॉम्प्युटरवर तपासायची. ज्याला जमणार नाही, त्याने मागच्या शेडमध्ये गठ्ठे बांधायचे. गरुडांना आपली खुर्ची सोडायची नव्हती. खिडकीजवळची, पंख्याखालची, बायकोने शिवलेल्या उशीची ती खुर्ची म्हणजे त्यांचं सिंहासन होतं.

अक्षरं मोठी करून ती वाचायला ते शिकले. पण माउसचा तो पांढरा, टीचभर बाण? पांढऱ्या पानावर तो दिसेल तर शपथ. चष्म्याचा नंबर वाढलाय हे कबूल करायचं, तर गरुड कसले! मग त्यांनी स्वतःची युक्ती काढली. संध्याकाळी बाण पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात नेऊन ठेवायचा आणि माउसवर रुमाल झाकायचा. सकाळी आलं की चप्पल जागेवर सापडावी तसा बाण सापडायचा.

एकदा झाडलोट करणाऱ्या मावशींनी टेबल पुसलं, माउसही पुसला. झालं! गरुड सकाळभर माउस घासत बसले, जणू करपलेलं पातेलं.

शेजारच्या टेबलावर पानं मांडणारी बाई म्हणजे त्यांची सख्खी मेहुणी. तिने मान वळवली.

"भावोजी, बाण शोधताय?"

"मजकूर वाचतोय."

"पडदा कोरा आहे."

"मशीन स्लो आहे गं. मजकूर यायचाय."

मेहुणीला हसू आवरेना, पण बहिणीचं कुंकू शेडमध्ये गठ्ठे बांधताना तिलाही बघवलं नसतं. तिने सेटिंगमध्ये जाऊन बाण मोठा केला, मग आणखी मोठा, आणि वर हळदीसारखा पिवळाधमक रंग दिला.

"आता दिसतो?"

"आधीही दिसत होता," गरुड म्हणाले. "पण असू दे, तुझ्या समाधानासाठी."

संध्याकाळपर्यंत ही सुधारणा आपणच सुचवली, असं त्यांनी अख्ख्या छापखान्याला सांगून टाकलं.

आता एक आतली गोष्ट. जेवणानंतर गरुड तासभर झोपत. पाठ ताठ, हात माउसवर, तोंड पडद्याकडे. मागच्या काचेच्या केबिनमधून मालकांना वाटे, काय एकाग्रता आहे माणसाची! इतरांना ते गरुडांचंच उदाहरण देत.

दुसऱ्याच दुपारी मालक केबिनमधून बाहेर आले आणि खुर्चीमागे उभे राहिले.

"गरुडसाहेब."

"हं... तपासतोय."

"तुमचा बाण इतका छान दिसतो हो केबिनमधून. जेवण झाल्यापासून त्याच ओळीवर बसलाय. पंख दुखावलेत का?"

मेहुणीने पदर तोंडात कोंबला. मालक पुढे म्हणाले, "खुर्ची तुमचीच. फक्त बाण हलता ठेवा. थांबला की गठ्ठे."

मालक गेल्यावर गरुड हळूच मेहुणीकडे झुकले.

"जरा लहान कर गं."

"किती?"

"मला दिसेल एवढा मोठा, आणि मालकांना दिसणार नाही एवढा लहान."

"ते सेटिंग अजून निघालं नाही, भावोजी," ती म्हणाली. "तोवर जागे राहा."