रबराच्या शीटमागे

रूट कॅनाल करताना दाढ कोरडी राहावी म्हणून आम्ही तोंडावर रबराची पातळ शीट ताणतो. शीटच्या भोकातून तेवढी एक दाढ वर येते, बाकीचं तोंड झाकलं जातं. म्हणून आधीच दाढेवर पेनाने खूण करायची, नाहीतर शेजारची धडधाकट दाढ कोरली जाते.

आज शेवटच्या पेशंट एका शाळेत शिकवणाऱ्या बाई होत्या. शीट धरून ठेवणारा पहिला क्लॅम्प दाढेवर डुगडुगला. मग लहान घेतला, तो घशात जाऊ नये म्हणून दोरा बांधला आणि बसवला. तोवर सतत बोलणाऱ्या बाई गप्प झाल्या. त्यांचे खांदे सैल पडले.

काम संपलं तेव्हा त्यांच्या पर्समधला फोन वाजत होता. मी क्लॅम्प काढायला गेले, तर त्यांनी हलकेच माझं मनगट धरलं.

"दुखतंय का?"

त्यांनी मान हलवून नाही म्हटलं, पर्सकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

एका दाढेला वेगळं ठेवायला माझ्याकडे ट्रेभर साधनं आहेत. माणसाने घटकाभर वेगळं कुठे राहायचं? मी दिवा बाजूला वळवला आणि स्टुलावर बसून राहिले. त्यांचा फोन थांबला. मग माझा वाजू लागला. घरचाच असणार.

मी तोंडावरचा मास्क काढला नाही.